बुटीबोरीची चुरा-प्रेस: कार्बन-नायलॉनचा भुसा देऊन प्लेटा आणल्या, त्याचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आईनं हळकुंडांनी भरलेलं सूप माझ्यासमोर आणून ठेवलं. उकळून अंगणात वाळत घातलेल्या हळकुंडांवर काळी, केसासारखी बारीक लव बसली होती. "हे तुया मशीनचं आहे. झटकून जात नाही," एवढंच ती बोलली. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या भागात हळदीला लोक फारच जपतात. तो ढीग आम्ही विकला नाही, सगळा बाजूला काढला. शेडच्या मागे पोत्यांत भरून ठेवलेल्या चुऱ्याची सोय लावल्याशिवाय आता पुढचं काम घ्यायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. शोधता शोधता बुटीबोरी एमआयडीसीतली, चुरा वितळवून-दाबून प्लेटा करून देणारी ही प्रेस सापडली. तिथे आतापर्यंत तीनदा माल नेला. ज्यांच्याकडे असा चुरा साचतो त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी माझं काम सांगतो. नागपुरात अकरा वर्षं मी एका कारखान्यात राउटरवर (फिरत्या कटरनं शीट कापणारं मशीन) होतो. वडील आजारी पडले तेव्हा गावी आलो आणि एक जुना सीएनसी राउटर घेऊन शेड टाकलं. फवारणीच्या ड्रोनला लागणारे कंस, मोटरखालच्या प्लेटा, टाकीचे आधार असं काम नागपूरची पार्टी पाठवते. २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना आली आणि बचत गटांच्या हाती ड्रोन आले, तेव्हापासून हे काम वाढत गेलं. शीट त्यांची, कापणी माझी. शीट म्हणजे कार्बनच्या विणलेल्या कापडात नायलॉन-६ मुरवून दाबलेली. उरलेल्या वेळात गावकीचं काम असतं: पेरणी यंत्राचे सुटे भाग, थ्रेशरचे बुश, हळद पॉलिशच्या ड्रमचे दांडे.

या शीटमधून कापताना जे पडतं ते लाकडाच्या भुशासारखं दिसतं, पण त्याचा स्वभाव फार वेगळा. कार्बनचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तो अंगाला टोचतो, कपड्यात अडकतो आणि वीज वाहून नेतो. हे शेवटचं मला महागात पडलं. पहिल्या वर्षी स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) ड्राइव्हमध्ये ही धूळ शिरली आणि आतलं कार्ड जळालं. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर लावला, त्याची मोटरही गेली. आता पॅनलच्या दाराला रबर लावलंय, धूळ ओढायला ड्रमचं चक्रीवादळ बनवलंय (सायक्लोन म्हणतात त्याला), आणि मोटर धुळीच्या वाटेत येणार नाही अशी बाहेर बसवलीय. एन-९५ मास्कशिवाय मी शेडमध्ये पाय ठेवत नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकत नाही.

हा चुरा फेकायचा कुठे? हिंगणघाटच्या भंगारवाल्यानं हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. वीटभट्टीवाला म्हणाला, "टाका इकडे, जाळून टाकतो." ते मला पटलं नाही. नायलॉन जळून जातं, पण कार्बनचे तंतू तेवढ्यानं संपत नाहीत, हलके होऊन वाऱ्यावर निघतात. आधीच्या नोकरीत मी पाहिलंय, कचरा नेणारा ठेकेदार असली पोती नाल्याच्या काठावर रिकामी करायचा. पावसाळ्यात ते पाणी कुठल्या तरी विहिरीकडेच जाणार. माझ्या शेताला लागून नाला आहे, म्हणून ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नाही.

आणि मुळात ही वस्तू फेकायची नाहीच. कार्बनचा तंतू बनवायला पॅन नावाचं सूत आधी २०० ते ३०० अंशांवर हवेत भाजतात आणि मग हवा बंद करून हजार अंशांच्या वर तापवतात. इतकी आग खाऊन तयार झालेला माल मी कटरखाली भुसा करून शेडमागे पोत्यात कोंबत होतो. ज्याला शेतातला कापूस वेचून घरी आणायची सवय आहे त्याला हे सहन होत नाही.

आता हा चुरा पुन्हा वापरता येतो तो कशामुळे, ते समजून घ्यावं लागतं, कारण सगळाच कार्बन चुरा असा वापरता येत नाही. कार्बनचं सामान दोन जातीचं असतं. एकात तंतूंना धरून ठेवायला एपॉक्सीसारखा राळेचा प्रकार असतो. तो एकदा घट्ट झाला की झाला. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसं. त्यातून तंतू सोडवायचे तर हवा बंद करून ४५० ते ६०० अंशांपर्यंत तापवून राळ उडवून लावावी लागते, आणि राळ वायाच जाते. दुसऱ्या जातीत नायलॉन, पीपीएस, पीक (PEEK) असली थर्मोप्लास्टिकं असतात. ती गुळासारखी. तापवली की पातळ, थंड झाली की घट्ट, पुन्हा तापवली की पुन्हा पातळ. माझा चुरा या दुसऱ्या जातीचा. त्यात तंतूही आहे आणि त्याला धरणारं नायलॉनही आहे. दोन्ही जागेवर असताना ते जाळायचं कशाला?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बोलेरो पिकअपमध्ये पाच पोती टाकली आणि जाम गावच्या चौरस्त्यावरून बुटीबोरी गाठली. शेड सापडायला वेळ लागला. पाटीवर नाव नाही, फक्त 'इंजिनिअरिंग प्लास्टिक चुरा व प्रेस काम' एवढंच रंगवलंय. आत एक हॉट प्रेस, एक वाळवणीचं कपाट, एक लहान एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून दाणे काढणारं मशीन), चाळण्या, आणि वजनकाटा. चालवणाऱ्या ताई आहेत आणि त्यांचा धाकटा भाऊ. मदतीला दोन पोरं.

ताईंनी पोती उतरवूच दिली नाहीत. आधी प्रत्येक पोत्यातला मूठभर चुरा वेगवेगळ्या वाटीत घेतला. त्यांच्याकडे तापमान दाखवणारा सोल्डरिंग आयर्न आहे. तो २४० अंशांवर ठेवून त्यांनी चुऱ्यावर टेकवला. वितळून चिकटला, तर नायलॉन-६. कारण ते २२० अंशांवर वितळतं. नायलॉन-६६ ला साधारण २६० लागतात, ते २४० वर नुसतं मऊ पडतं. आणि एपॉक्सी असेल तर वितळतच नाही, आयर्न आणखी तापवला की काळी पडून धूर सोडते. दहा मिनिटांत पाचही पोत्यांचा निकाल लागला. चार पोती पास. पाचवं पोतं त्यांनी वास घेऊनच बाजूला केलं.

"भाऊ, हे मी नाही घेत. तेल लागून आहे याले."

मी म्हटलं, धुऊन घेता येईल की.

"धुता येते. पण त्याचं पाणी मी कुठी सोडू? आन् तेल थोडंबी राह्यलं तर प्लेटीत थर सुटते. तुमचीच प्लेट फाटंन."

मला तेव्हा राग आला, कारण ते ९ किलोचं पोतं परत न्यायचं होतं. पण आज सांगतो, या जागेची सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे. ताई पैशासाठी वाटेल तो माल आत घेत नाहीत. ते पोतं होतं कुठलं? सुरुवातीला मी छिद्रं पाडताना कटिंग ऑइल वापरायचो, तेव्हाचं. आता तेल बंद केलंय. नळीतून हवेचा झोत सोडतो, तेवढ्यावर भागतं.

त्या दिवशी ताईंनी मला कापायचं कसं हेही सांगितलं, आणि अकरा वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला ते नवीन होतं. आम्ही नेहमी पाहतो की काठ स्वच्छ आला का. खाली काय पडतं ते पाहत नाही. त्या म्हणाल्या, कटर बोथट झाला किंवा फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) फार कमी ठेवला की कटर घासत राहतो, नायलॉन तापून चोपडलं जातं आणि चुऱ्याची पूड होते. पूड झाली म्हणजे तंतू तुटून संपला. फीड थोडा वाढवा, कटर धारदार ठेवा, चुरा पापुद्र्यासारखा पडू द्या. पापुद्रा जितका मोठा तितका आतला तंतू लांब, आणि लांब तंतूनंच प्लेटीला ताकद येते. गावी येऊन मी दोन बदल केले: कटर आधी बदलायला लागलो आणि फीड वाढवला. काठाला काही फरक पडला नाही, पण ड्रममध्ये पडणारा माल डोळ्यांना वेगळा दिसायला लागला. आधी काजळीसारखा होता, आता चहाच्या पत्तीसारखा.

पुढचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहिला, तोच इथे देतो. आणलेला माल ४६ किलो. तेलकट ९ परत. राहिले ३७. चाळणीतून बारीक पूड आणि चुंबकानं धरलेले लोखंडाचे कण मिळून २ किलो ६०० ग्रॅम बाजूला गेले. माझ्या चुऱ्यात कटरचे तुकडेही निघाले, ते मला कागदाच्या पुडीत परत मिळाले. ॲल्युमिनियमचे कण चुंबकाला लागत नाहीत, ते पोरांनी हातानं वेचले. मग वाळवणी. नायलॉन हवेतलं पाणी पितं, आणि ओलं नायलॉन वितळवलं की पाण्याची वाफ होऊन आत फुगे धरतात, शिवाय नायलॉनच्या रेणूंची साखळीच तुटते, माल ठिसूळ होतो. म्हणून ८० अंशांच्या कपाटात रात्रभर. दुसऱ्या दिवशी वजन फक्त ४०० ग्रॅमनं कमी भरलं. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हानं अर्धं काम आधीच केलं होतं. हेच मी पोळ्याच्या सुमारास २८ किलो नेले, तेव्हा त्यातून सातशे ग्रॅमच्या जवळपास पाणी निघालं. तेव्हापासून मी चुरा पोत्यात ठेवतच नाही, झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये ठेवतो.

तर शुद्ध, कोरडा माल राहिला ३४ किलो. माझ्या शीटमध्ये कार्बन फार आहे, वजनाच्या निम्म्याहून जास्त. नुसता तोच चुरा दाबला तर तंतूंच्या मध्ये भरायला नायलॉन कमी पडतं आणि प्लेट आतून पोकळ राहते. म्हणून त्यांनी १६ किलो नव्या नायलॉनची पूड मिसळली. इथे त्यांनी मला विचारलं की एक्स्ट्रूडरमधून दाणे करून देऊ की सरळ प्रेसमध्ये दाबू. दाणे केले तर पुढे इंजेक्शन मशीनवर काहीही आकार काढता येतो, पण स्क्रूमध्ये तंतू आणखी तुटून मिलीमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशावर येतो. सरळ दाबलं तर पापुद्र्यातला तंतू आहे तसा राहतो, पण आकार फक्त सपाट. मला प्लेटाच हव्या होत्या. साच्यात माल भरून २५० अंशांच्या थोडं वर नेऊन दाबायचा आणि दाब न सोडता थंड करायचा, अशी पद्धत आहे. दाब आधी सोडला तर प्लेट वाकते आणि फुगते.

कडेला आलेली झालर कापून ३ किलो निघाली, तीही पिशवीत भरून परत दिली, पुढच्या खेपेला घालायला. हातात आल्या ३०० बाय ३०० च्या, १२ मिलीमीटर जाडीच्या ३३ प्लेटा, एकूण ४७ किलो. प्रेसची मजुरी किलोला १२० प्रमाणे ५,६४० रुपये आणि नायलॉनचे ४,१६०. म्हणजे ९,८०० रुपये, जीएसटी वेगळा. प्लेटमागे ३०० च्या आत बसलं. कार्बन भरलेली नवी नायलॉन शीट मी मागे एकदा मुंबईहून मागवली होती, तो भाव आठवला की हा दर फारच परवडणारा वाटतो.

प्लेट दिसायला कशी असते? काळी, आणि तिच्यावर चुऱ्याचे पापुद्रे आडवेतिडवे गोठलेले दिसतात, कापलेल्या काळ्या दगडासारखे. मला ते रूप आवडलं. पण ताकद सगळीकडे एकसारखी नसते हे लक्षात ठेवा. विणलेल्या शीटमध्ये तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतो. इथे तो मिलीमीटरमध्ये मोजायचा आणि कुठल्याही दिशेला पडलेला. म्हणून मी या प्लेटीतून ड्रोनचा कुठलाही भाग कापलेला नाही आणि कापणार नाही. दहा लिटर औषध घेऊन माणसाच्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्राला हा माल लावायचा नसतो. पार्टीनं एकदा विचारलं होतं, स्वस्त पडेल म्हणून. मी नाही म्हटलं.

मग लावायचा कुठे? इथे मला जे सापडलं त्यावर मी खूश आहे. आमच्याकडे सोयाबीन, तूर पेरायच्या यंत्रात बियाणं मोजून टाकणारी तबकडी असते, खाचा असलेली. ती बहुतेक साध्या नायलॉनची किंवा प्लास्टिकची येते. उन्हाळ्यात यंत्र तपासलं तर तबकडी छान फिरते. मृगाचा पाऊस पडला, हवा ओली झाली, की नायलॉन पाणी पिऊन फुगतं. १४० मिलीमीटरच्या तबकडीला एक टक्का फुगवटा म्हणजे १.४ मिलीमीटर. तेवढ्यानं ती यंत्रातल्या आपल्या बसायच्या घरात घासते, अडकते, एखादी ओळ रिकामी जाते, आणि रोपं वर येईपर्यंत शेतकऱ्याला कळतही नाही. कार्बन भरलेलं नायलॉन फार कमी फुगतं, कारण तंतू त्याला जागचं हलू देत नाही आणि पाणी पिणारं नायलॉनही त्यात कमी असतं.

एका प्लेटीत १४० च्या चार तबकड्या बसतात. ८ मिलीमीटरपर्यंत उतरवून, खाचा पाडून, काठ घासून घेतले. काठ घासणं फार गरजेचं, नाहीतर उघडे तंतू हाताला लागतात. मळ्याजवळच्या एका काकांच्या यंत्राला पहिल्या सहा लावल्या. त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हे काळं काय लावून राह्यला बापा? टिकंन का?"

"नाही टिकली तर बदलून देतो काका. पैसे तेव्हा द्या."

त्यांची अठरा एकर पेरणी झाली, त्यात चार दिवस झडीचे होते. तबकडी अडकली नाही. पेरणीनंतर मी काढून मोजल्या. व्यासात जो फरक पडला तो मला व्हर्नियरवर जेमतेम दिसला. खाचांचे काठही शाबूत होते, बीजप्रक्रियेची पूड लागलेलं बियाणं इतकं घासून गेल्यावरही. काकांनी पैसे दिले आणि पुतण्याच्या यंत्रासाठी आणखी सहा नेल्या. त्या हंगामात बावीस यंत्रांना लावल्या. दोन यंत्रांत त्रास झाला. एकात तबकडीचं घर ॲल्युमिनियमचं होतं. ओलाव्यात कार्बनला ॲल्युमिनियम लागून राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तिथे पांढरी भुकटी सुटली होती. हे मला आधी माहीत असून मी तपासलं नाही, चूक माझी. ते घर मी माझ्या खर्चानं बिडाचं करून दिलं. दुसऱ्यात एक तबकडी तुटली, आणि तुटलेल्या जागी पाहिलं तर आत एक तेलकट ठिपका. माझ्या चार पास झालेल्या पोत्यांतही थोडं तेल गेलेलं असणार. ताईंचं बोलणं तेव्हा नीट समजलं.

हळदीच्या ड्रमला, डाळीच्या गिरणीला, धान्य दळण्याच्या कुठल्याही भागाला मी हा माल लावत नाही. घासून तंतू सुटला तर तो अन्नात जाणार. ज्या काळ्या लवेमुळे घरच्या हळदीचा ढीग बाजूला काढावा लागला ती दुसऱ्याच्या ताटात जाऊ द्यायची नाही.

आता तक्रारी. पहिली वेळेची. आठ दिवस सांगितले होते, तेवीस दिवस लागले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मिळायच्या प्लेटा ५ जूनला मिळाल्या. पेरणी तोंडावर, माझ्याकडे रांग लागलेली, तबकड्या रात्री जागून काढाव्या लागल्या. कारण त्यांनी सांगितलं: प्रेस एकच, आणि थंड होताना वीज गेली की दाब उतरतो, तो साचा वाया जातो, पुन्हा वितळवून दाबावा लागतो. वीज जाणं माझ्यासारख्या गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण फोन करून कळवायला हवं होतं. मीच चारदा फोन केला. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, आणि दुसऱ्या खेपेपासून भाऊ व्हॉट्सअॅपवर कळवतो.

दुसरी तक्रार मोठी आहे. पोळ्याच्या खेपेला मी थ्रेशरच्या बुशांसाठी ५० मिलीमीटर जाडीचे ठोकळे मागितले. दोन ठोकळे केले. लेथवर लावून एक अर्ध्यात कापला तर मधोमध पोकळी, बोटाचं टोक जाईल एवढी, आणि भोवती न वितळलेले पापुद्रे, हातानं सुटणारे. प्लास्टिकमधून उष्णता फार हळू जाते. वरून-खालून तापवून बारा मिलीमीटर सहज वितळतं, पन्नासच्या पोटापर्यंत ती पोहोचेपर्यंत बाहेरचा थर जास्त वेळ तापून खराब होतो. शिवाय वरचा थर आधी गोठतो आणि पोट नंतर आकसतं, ती जागा रिकामी राहते. हे काम त्यांनी घ्यायलाच नको होतं. ठोकळे परत नेले तेव्हा ताईंनी वाद घातला नाही, मजुरी परत केली, तो माल पुन्हा दळून प्लेटा करून दिल्या. पण माझे दहा दिवस गेले आणि बुश शेवटी पितळेचेच लावावे लागले. तुम्ही गेलात तर २० मिलीमीटरच्या वर जाडी मागू नका, त्यांनी हो म्हटलं तरी.

तिसरी, जाडीचा फरक. १२ ची प्लेट कुठे ११.६ भरते, कुठे १२.५. मला वरून उतरवायचंच असतं म्हणून चालतं. जशीच्या तशी लावायची असेल त्यानं हे धरून चालावं.

आणखी एक गोष्ट तक्रारीत धरायची की नाही हे मला ठरवता येत नाही. चाळणीत निघालेली बारीक पूड ताई घेत नाहीत. ती अजून माझ्याकडेच आहे, दोन बंद डबे. तिच्यात तंतू म्हणावा असा उरलेलाच नाही, नुसता काळा रंग. काँक्रीटमध्ये टाका असं कोणीतरी सुचवलं, मी टाकली नाही. डबे झाकण सील करून माळ्यावर ठेवलेत. त्यावर उपाय एकच मला दिसतो, पूड पडूच न देणं, म्हणजे पुन्हा कटरची धार आणि फीड. पहिल्या खेपेला ३७ किलोत अडीच किलोच्या वर पूड-कचरा निघाला होता. तिसऱ्या खेपेला ३१ किलोत सव्वा किलोही भरला नाही.

कोणी जावं असं विचाराल, तर ज्याच्याकडे एकाच जातीचा, कोरडा, बिनतेलाचा नायलॉनचा कार्बन चुरा आहे त्यानं नक्की जावं. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ विमानाचे कार्बन कंपोझिटचे फ्लोअर बीम बनले आहेत, आजूबाजूला लहान कारखाने वाढताहेत, असा चुरा आता एकट्या माझ्याकडे नाही. पण एपॉक्सीचा चुरा घेऊन जाऊ नका, परत यावं लागेल. दोन्ही जातीचं काम एकाच मशीनवर करत असाल तर मध्ये ड्रम आणि पाइप झाडून काढा. मूठभर एपॉक्सी मिसळली तरी प्लेटीत न वितळलेले खडे राहतात आणि तुमचाच कटर त्यावर जातो. पोत्यावर खडूनं जात आणि तारीख लिहा. ताई ती पाहतात, आणि लिहिलेली पोती आधी मोजायला घेतात.

मला विचारायचं होतं ते पीपीएसचं. नागपूरच्या पार्टीकडे पीपीएस-कार्बनच्या शीटचं काम येणार आहे, मोटरजवळच्या गरम भागासाठी. पीपीएस २८० अंशांच्या आसपास वितळतं, दाबायला त्याच्याही बरंच वर जावं लागतं. ताईंच्या प्रेसचे हीटर तेवढे चढत नाहीत. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि नवे हीटर घ्यायचा विचार आहे, दिवाळीनंतर विचारा, असंही सांगितलं. तोवर मी पार्टीला सांगून ठेवलंय की पीपीएस आलं तर वेगळा दिवस, वेगळा ड्रम. शेडमध्ये पाचवा ड्रम आणून ठेवलाय, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'पीपीएस' लिहिलंय. अजून रिकामा आहे.